पडद्यावरची बाई बोलू लागली

माहितीपट म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणींच्या कपाळाला आठी पडते. गाणी नाहीत, मारामारी नाही, शेवटी लग्नही नाही, मग बघायचं काय? आमच्या बचतगटांनी महिन्याची वसुली आणि हिशेब आटोपल्यावर एक माहितीपट लावायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न हाच आला होता. आता मात्र कुणाच्या घरी टीव्ही मोठा आहे, पुढच्या खेपेला काय बघायचं, यावरच जास्त बोलणं होतं.

आम्हाला आवडलेल्या काही माहितीपटांबद्दल आज बोलायचं आहे. हे चित्रपट ज्या क्रमानं निघाले त्या क्रमानं लावले, की एक इतिहास दिसतो. कष्टकरी बाई पडद्यावर आधी नुसती दिसत होती. मग ती बोलू लागली. मग तिनं कॅमेरावाल्यालाच प्रश्न विचारला. आणि पुढं कॅमेराही तिच्या हातात आला.

सुरुवात आपल्या मुंबईतूनच करू. १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावे दादा म्हणत, त्यांनी हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती कॅमेऱ्यानं टिपली. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, त्यांच्या स्वागताचंही चित्रण सावे दादांनी केलं. म्हणजे आपल्याकडं कथेच्या सिनेमाआधी खऱ्या घटनांचा सिनेमा आला. दादासाहेब फाळके यांनीसुद्धा 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, १९१२ साली, वाटाण्याचं बी रुजून त्याचा वेल कसा होतो हे थोडं थोडं रोज टिपून दाखवलं आणि त्याच्या जोरावर भांडवल मिळवलं. त्या काळात सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने दिले, फिल्मला भोकं पाडायचं आणि ती धुण्याचं काम शिकून घेतलं, वर कामावरच्या सगळ्या माणसांचा स्वयंपाकही केला. बाईचे हात सिनेमात पहिल्यापासून आहेत. तिचं बोलणं यायला मात्र फार वेळ लागला.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ साली, सरकारनं फिल्म्स डिव्हिजन सुरू केलं. आपल्या आई-आजींच्या पिढीला आठवत असेल, थिएटरात मुख्य सिनेमाच्या आधी वृत्तचित्र किंवा अनुबोधपट लागायचा. तो दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक होतं. धरणं, कारखाने, नवी बियाणी, लसीकरण, छोटं कुटुंब असं सगळं त्यात असायचं. गावोगावी गाडी यायची, पडदा बांधून हेच चित्रपट दाखवले जायचे. देशाच्या उभारणीची ती मोलाची नोंद आहे. पण त्यातली बाई पाहा. ती भात लावते, पाणी आणते, दवाखान्याच्या रांगेत उभी राहते, आणि तिच्याबद्दल बोलतो तो एक भारदस्त पुरुषी आवाज. तो कुठून तरी वरून आल्यासारखा वाटतो. तिला काय वाटतं, हे तिच्या तोंडून ऐकायला मिळत नाही.

याला यंत्राचंही एक कारण होतं. त्या काळी चित्रासोबत तिथल्या तिथं आवाज टिपणारी यंत्रं अवजड आणि महाग होती. शेतात, चाळीत ती नेणं सोपं नव्हतं. पण सगळा दोष यंत्राला देता येत नाही. १९६७ साली फिल्म्स डिव्हिजनच्याच एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेंटी' हा चित्रपट केला. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या, तेव्हा वीस वर्षांच्या झालेल्या मुलामुलींना त्यांनी विचारलं की तुम्हाला हा देश कसा वाटतो? कुणी आशेनं बोललं, कुणी तोंडावर तक्रार केली. विचारलं की माणसं बोलतात, हे तेव्हाच दिसलं. हा चित्रपट लहानसा आहे. तरुण मुली घरात असतील तर त्यांच्याबरोबर बसून जरूर पाहा, आणि मग त्यांनाही तोच प्रश्न विचारा.

आता १९८० सालात येऊ. त्या वर्षी पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला. घरोघरी विखुरलेलं काम, एका बाईची दुसरीशी गाठ पडायची ती फार तर जिन्यात किंवा नळावर. अशा बायकांचा संप होऊ शकतो यावर कुणाचा विश्वास बसला नसता. पण झाला, आणि त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. त्याच सुमारास दीपा धनराज, आभा भैया, नवरोज कॉन्ट्रॅक्टर आणि मीरा राव यांनी 'युगांतर' नावाचा चित्रपट करणाऱ्यांचा गट काढला होता. या गटाचा पहिला चित्रपट म्हणजे 'मोलकरीण', १९८१ सालचा, जेमतेम पंचवीस मिनिटांचा. त्यात वरून बोलणारा कुणी सर्वज्ञ माणूस नाही. पगार किती, सुट्टी किती, आजारी पडलं तर काय होतं, मालकीण कशी वागते, हे मोलकरणी स्वतः सांगतात, आपल्याच मराठीत.

आमच्या गटांतल्या निम्म्याहून जास्त जणी तालुक्याच्या गावी धुणीभांडी करायला जातात. 'मोलकरीण' संपल्यावर पहिलं वाक्य आलं ते असं : "अगं बाई, खाड्याचे पैसे कापायची रीत तेव्हापासूनचीच म्हणायची!" मग कुणाला किती पगार आहे, दिवाळीला काय मिळतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा एकमेकींना उघडपणे सांगितलं गेलं. एकाच इमारतीत, सारख्याच कामाला दोघींचे पगार वेगळे निघाले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. म्हणजे पुण्याच्या त्या संपानंतर २८ वर्षांनी. कायदा आहे, हे आमच्यातल्या कित्येकींच्या कानावरही नव्हतं. त्या संध्याकाळी नोंदणीसाठी काय कागद लागतात हे विचारायला ११ जणी थांबल्या. चित्रपट बघून पोट भरत नाही, हे खरं आहे. पण आपलं दुखणं आपल्या एकटीचं नाही हे कळलं, की माणूस विचारायला लागतं.

'युगांतर'चा दुसरा चित्रपट आपल्या शेजारचाच. 'तंबाखू चाकीला ऊब आली', १९८२ सालचा, निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांवरचा. निपाणी कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यात असली तरी कोल्हापूरपासून जवळ, आणि तिथं मराठी बोलणारी माणसं भरपूर. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत मोठं आंदोलन केलं, ते पुष्कळांना माहीत आहे. त्यावर लिहिलंही गेलं आहे. पण तोच तंबाखू वखारीत निवडणाऱ्या, कुटणाऱ्या, दिवसभर त्याची धूळ नाकातोंडात घेणाऱ्या बायकांनीही तिथं संघटना बांधली, संप केले. 'युगांतर'ची माणसं त्यांच्यात सुमारे चार महिने राहिली. आधी ऐकून घेतलं, मग चित्रण केलं. हा चित्रपट नसता, तर त्या बायकांचे चेहरे आणि त्यांचा आवाज आज कुठं सापडला असता? भावाची लढाई पुस्तकात गेली. वखारीतली लढाई राहिली ती या फिल्ममध्ये.

या चित्रपटांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ते थिएटरसाठी केलेलेच नव्हते. सोळा मिलिमीटरच्या रिळावर ते केले गेले. वस्त्यांमध्ये, कामगारांच्या सभांमध्ये ते दाखवायचे आणि मग चर्चा करायची, असा बेत होता. त्या रिळाचा हिशेबही ऐका. चारशे फुटांचं रीळ साधारण अकरा मिनिटांत संपतं. म्हणजे एखाद्या बाईला पुरतं बोलू द्यायचं तर पैसा जळतोय हे दिसत असताना कॅमेरा चालू ठेवावा लागे. तरी त्यांनी तो चालू ठेवला. पुढं ही रिळं जुनी झाली. आता बर्लिनच्या 'आर्सेनल' या चित्रपट संस्थेच्या मदतीनं त्यांचं डिजिटल जतन झालं आहे, म्हणून आपल्यासारख्यांना ती बघायला मिळतात.

बाई बोलू लागली. पण ज्यानं तिला बोलतं केलं, त्याला ती काय विचारेल? याचं उत्तर १९८५ सालच्या 'हमारा शहर' या आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटात आहे. मुंबईच्या पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्यांचा हा चित्रपट. शहर बांधणारी, झाडणारी, घरकामं करणारी ही माणसं, आणि त्यांच्या झोपड्यांवर फिरणारा हातोडा. याच वर्षी पदपथावर राहणाऱ्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं सांगितलं. तो ओल्गा टेलिस खटला म्हणून ओळखला जातो. मात्र निकालानं पदपथ मोकळे करायला कायमची बंदी घातली नाही. या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

आमच्या मनात राहिला तो त्यातला एक प्रसंग. झोपडी पाडली गेली आहे, सामान रस्त्यावर पडलं आहे, आणि एक बाई संतापून कॅमेऱ्याकडंच वळते. तुम्ही आमचे फोटो काढून नेता, तुमचं नाव होतं, आमचं काय होतं, अशा अर्थाचं ती सुनावते. दिग्दर्शकाला हा तुकडा कापून टाकता आला असता. पटवर्धनांनी तो ठेवला. आमच्या बैठकीत यावर खूप बोलणं झालं. कारण आपल्याकडंही कार्यक्रमाला कुणी पाहुणे येतात, रांगेत उभं करून फोटो काढतात, आणि तो फोटो पुढं कुठं जातो ते आपल्याला कधी कळत नाही. तुम्ही कोणताही माहितीपट बघा, गरिबाला त्यात उलटा प्रश्न विचारायची मुभा आहे का, एवढं पाहा. चित्रपट किती प्रामाणिक आहे हे त्यावरून पुष्कळसं कळतं.

यापुढचा चित्रपट बघायला जड आहे, पण आमच्या मते प्रत्येक बाईनं बघावा असा आहे. दीपा धनराज यांचा १९९१ सालचा 'समथिंग लाइक अ वॉर', म्हणजे युद्धासारखंच काहीतरी. विषय कुटुंबनियोजनाचा. भारतानं १९५२ साली सरकारी कुटुंबनियोजन सुरू केलं. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यातल्या बहुसंख्य पुरुषांच्या. त्यावरून सरकार पडलं, पुरुष दुखावले, आणि त्यानंतर हा सगळा भार बायकांच्या पोटावर आला. चित्रपटात शिबिर दिसतं. ओळीनं बायका, घाईनं होणाऱ्या शस्त्रक्रिया, आणि आपण आजवर किती केल्या याचा आकडा अभिमानानं सांगणारा डॉक्टर. आणि याच्याच जोडीला जमिनीवर गोल करून बसलेल्या बायका, शरीराचं चित्र काढून त्याबद्दल मोकळेपणानं बोलणाऱ्या. पाळी, मूल, नवरा, सुख, दुखणं, सगळं. एकीकडं बाई म्हणजे आकडा, दुसरीकडं तीच बाई हसत-लाजत आपल्या शरीराची मालकीण होऊन बोलते.

हा चित्रपट लावला तेव्हा आम्ही दार लावून घेतलं होतं. सबटायटल वाचायची अडचण असते, म्हणून आमच्यातली एकजण खालची ओळ वाचून मराठीत सांगते. त्या दिवशी तिचा आवाज मधेच बसला, आणि मग कुणीच काही वेळ बोललं नाही. नंतर मोठ्या वयाच्या दोघींनी आपापल्या शस्त्रक्रियेची हकीगत सांगितली. त्यांच्या सुनांनी ती पहिल्यांदाच ऐकली.

हे सगळं जुनं झालं असं समजू नका. सरकारनं वरून लक्ष्य ठरवून द्यायची पद्धत १९९६ साली बंद केली. तरीही नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूरजवळ एका शिबिरात काही तासांत ८३ बायकांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यातल्या डझनभराहून अधिक दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. १९९१ साली एका चित्रपटानं जे दाखवून ठेवलं होतं, ते न्यायालयाच्या निकालापर्यंत यायला २५ वर्षं गेली. बायकांचं वेळेत ऐकलं नाही तर त्याची किंमत कोण भरतं, हे यातून कळतं.

कॅमेरावाला येतो आणि जातो, ही तक्रार 'हमारा शहर'मधल्या बाईनं केली होती. 'जय भीम कॉम्रेड'मध्ये कॅमेरावाला पुन्हा पुन्हा येत राहिला. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. संतापून रस्त्यावर आलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात दहा जण मेले. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. तिथून आनंद पटवर्धन यांनी चित्रण सुरू केलं आणि चित्रपट पूर्ण झाला २०११ साली, म्हणजे १४ वर्षांनी. तो तीन तासांहून मोठा आहे. आम्ही दोन बैठकांत पाहिला. इतकी वर्षं एका वस्तीकडं परत परत गेलं, की माणसं बातमीपुरती उरत नाहीत. पोरं मोठी झालेली दिसतात, खटला रेंगाळलेला दिसतो, आणि भीमगीतं गाणाऱ्या बायका दिसतात. दिवसभर राबून आल्यावरही त्यांच्या आवाजाला जी धार असते, ती ऐकूनच पाहावी.

आता कॅमेरा हातात घेतलेल्या बायकांकडं येऊ. १९८४ साली अहमदाबादच्या 'सेवा' संस्थेनं आपल्या सभासद बायकांना व्हिडिओ शिकवायला सुरुवात केली. इला भट्ट यांनी १९७२ साली काढलेली ही कष्टकरी बायकांची संघटना. शिकणाऱ्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, अक्षरओळख नसलेल्याही होत्या. बटणांवरची चिन्हं ओळखून त्या कॅमेरा चालवायला शिकल्या. व्हिडिओची टेप रिळापेक्षा स्वस्त होती, चुकलं तर पुसून पुन्हा वापरता येत होती. यंत्र स्वस्त झालं की ते आपल्यापर्यंत येतं, आणि एकदा आलं की आपणही शिकतो.

तेलंगणात झहीराबादजवळच्या पस्तापूर परिसरात डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या शेतकरी दलित बायकांनीही असंच केलं. ज्वारी-बाजरीच्या आपल्या बियाण्यांवर, बीटी कापसाच्या नुकसानीवर त्यांनी स्वतः चित्रपट केले. याच बायकांनी २००८ साली माचनूर गावी 'संघम रेडिओ' सुरू केला. आपण आज ज्याच्यावर बोलतोय त्या सामुदायिक रेडिओच्या त्या थोरल्या बहिणीच म्हणायच्या.

शेवटचा चित्रपट २०२१ सालचा, 'रायटिंग विथ फायर', रिंटू थॉमस आणि सुश्मित घोष यांचा. उत्तर प्रदेशात चित्रकूटमधून २००२ साली सुरू झालेल्या 'खबर लहरिया' या बायकांनी चालवलेल्या वृत्तपत्राची ही गोष्ट. कागदावरून मोबाईलवर बातमी द्यायला या पत्रकार बायका कशा शिकतात, पोलिसांना, पुढाऱ्यांना कसे प्रश्न विचारतात, हे पाहताना आपलीच मान ताठ होते. चित्रपट ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. आणि मग, २०२२ साली, 'खबर लहरिया'नं जाहीर निवेदन काढून सांगितलं की हा चित्रपट परिणामकारक आहे, पण आमच्या कामाचं त्यातलं चित्र अपुरं आहे.

आम्हाला हे निवेदन फार महत्त्वाचं वाटतं. काही जणींना वाटलं, एवढं नाव झालं, मग कशाला बोलायचं? पण मुंबईच्या पदपथावरच्या बाईला आपलं म्हणणं सांगायला समोरचाच कॅमेरा होता. दिग्दर्शकानं तो तुकडा ठेवला म्हणून ते आपल्यापर्यंत आलं. 'खबर लहरिया'च्या बायकांपाशी स्वतःचं वृत्तपत्र होतं. त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

मैत्रिणींनो, यातला एखादा चित्रपट तुमच्या गटात लावायचा असेल तर एक सांगतो. सलग पाहू नका. मधे थांबवा, बोला, मग पुढं जा. लहानापासून सुरुवात करा, 'मोलकरीण' त्याला उत्तम. 'समथिंग लाइक अ वॉर' लावाल तेव्हा फक्त बायकाच असू द्या आणि नंतर बोलायला वेळ राखून ठेवा.

आणि एक काम. आपल्या भागात बचतगट सुरू झाले तेव्हा घरच्यांचं बोलणं खाऊन पहिले दहा-वीस रुपये टाकणाऱ्या बायका आता साठी-सत्तरीच्या झाल्या आहेत. त्यांच्याबद्दल बँकेच्या पासबुकात फक्त आकडे आहेत. आम्ही या महिन्यापासून त्यांचं बोलणं मोबाईलवर टिपायला घेतलं आहे. आधी परवानगी विचारतो. सुरुवातीला त्यांच्याकडूनच नाव, गाव आणि साल म्हणवून घेतो. संपलं की त्यांना ऐकवतो, आणि नको म्हणतील तेवढं काढून टाकतो. एक प्रत मोबाईलवर आणि एक रेडिओ केंद्राच्या संगणकात ठेवतो. आतापर्यंत चौघींचं झालं आहे. तुमच्या गावातली अशी बाई कोण आहे, ते आम्हाला कळवा. आम्ही येतो.